मॉन्टेरेच्या थंड पाण्यात पहिल्यांदाच डाइव्ह करणार आहे : सूट, वजन आणि केल्पबद्दल प्रश्न

सागरगोटी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये कामानिमित्त कॅलिफोर्नियात असणार आहे. एक शनिवार-रविवार पूर्ण मोकळा मिळतोय आणि मॉन्टेरे गाडीने फार लांब नाही. केल्पच्या, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाच्या, जंगलात डाइव्ह करायची इच्छा फार दिवसांची आहे. इतक्या जवळ जाऊन तसंच परत यायला मन तयार नाही.

अडचण अशी की मी शिकले तीच मुळी २८-२९ अंशांच्या पाण्यात. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पातळीचं, प्रमाणपत्र आहे, त्यानंतर सुट्ट्यांमध्ये अधूनमधून डाइव्ह केल्या, पण सगळ्या कोमट पाण्यात, ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये आणि बोटीवरून. हूड (डोकं झाकणारी टोपी) आणि जाड हातमोजे कधी घातलेले नाहीत. किनाऱ्यावरून चालत, लाटांमधून पाण्यात शिरायचा अनुभवही नाही. अंगाने बारीक आहे, वजन ५६ किलो, थंडी चटकन वाजते.

पाणी नेमकं किती गार असेल आणि ते झेपेल का? वेटसूट (आत थोडं पाणी शिरणारा) घ्यावा की ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा)? खाली जाता यावं म्हणून कोमट पाण्यात मी ४ किलो वजन लावते, तिथे किती लागेल? आणि सगळ्यात मोठी धास्ती केल्पमध्ये अडकण्याची आहे. व्हिडिओत ती झाडं बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं, पण त्यातून आपण स्वतः जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर सांगावं.

उथळपाणी

थंड पाण्यात एकदा ड्रायसूट घातला की परत वेटसूटकडे वळून बघावंसं वाटत नाही. मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर डाइव्ह करतो, तिथे उन्हाळ्यातही पाणी १२-१४ अंशांच्या वर क्वचित जातं. तुम्ही बारीक आहात, थंडी वाजते म्हणता, तर सरळ ड्रायसूट भाड्याने घ्या आणि आत लोकरीचे कपडे घाला. पैसे जास्त जातील, पण वर आल्यावर कोरडे असाल.

खारीहवा

सागरगोटी, ऑक्टोबर मिळाला हे फार छान झालं. मी याच भागात राहते आणि वर्षभर याच किनाऱ्यावर डाइव्ह करते. कधी येऊ असं कोणी विचारलं की मी सप्टेंबर-ऑक्टोबर सांगते. वसंत ऋतूत इथे वायव्येकडून जोराचे वारे सुटतात. त्या वाऱ्यांमुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खोलावरचं गार, पोषणद्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. मग प्लवकं, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, माजतात, पाणी हिरवंगढूळ होतं आणि दोन-तीन मीटरांपलीकडचं काही दिसत नाही. शरदात वारे पडतात आणि पाणी निवळतं. वर साधारण १३ ते १५ अंश, खाली गेल्यावर त्याहून एक-दोन अंश कमी. इथल्या मानाने ही ऊबच. आणि हेच गार पाणी या जंगलाचं अन्न आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार करायला माझी जीभ रेटत नाही.

उथळपाणी यांच्याशी मात्र मी इथे सहमत नाही. ड्रायसूट उत्तम वस्तू आहे, मीही थंडीच्या दिवसांत वापरते, पण ते वेगळं कौशल्य आहे. सूटमधली हवा हा तुमच्या अंगाभोवतीचा दुसरा फुगा असतो. खाली जाताना तिच्यात भर घालायची, नाहीतर सूट अंगाला चिमटे काढतो. वर येताना खांद्यावरच्या झडपेतून ती सोडायची. पाय डोक्यापेक्षा वर गेले की सगळी हवा पावलांकडे पळते आणि तुम्ही उलटे वर ओढले जाता. यातून सावरायचं कसं हे इन्स्ट्रक्टरबरोबर आधी घोटून घ्यावं लागतं. एका शनिवार-रविवारात अनोळखी किनारा, अनोळखी हूड, नवं वजन आणि त्यावर ड्रायसूट, एवढं सगळं एकदम अंगावर घेऊ नका. ऑक्टोबरच्या पाण्यात ३५-४० मिनिटांच्या डाइव्हला चांगला बसणारा ७ मिलिमीटरचा वेटसूट पुरतो.

यातला 'चांगला बसणारा' हा शब्द मनावर घ्या. १९५२ च्या सुमारास बर्कलीच्या विद्यापीठातला भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर याने निओप्रीनच्या सूटची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्या लक्षात आलेली गोष्ट अशी की उबेसाठी कोरडं राहायची गरज नाही. ऊब धरतात ते रबराच्या आत अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे. आत शिरलेलं पाणी एकदा अंगाच्या उष्णतेने कोमट झालं आणि जागच्या जागी राहिलं की झालं. पण सूट कुठे सैल असेल तर तेच पाणी प्रत्येक हालचालीगणिक बाहेर जातं आणि नवं गार पाणी आत येतं. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, तेव्हा हा पंप चालू राहिला तर सूट कितीही जाड असो, तुम्ही कुडकुडणारच. दुकानात सूट घातलात की कंबरेमागच्या खळग्यात हात दाबून बघा, काखेत बघा, मग पुढे वाका. पाठीवर कापड फुगत असेल तर दुसरं माप मागा. बारीक बायकांना भाड्याचा सूट नेमका कंबरेत सैल होतो, म्हणून लाजू नका, चार सूट घालून बघायची वेळ आली तरी घालून बघा. श्वास भरताना छाती आवळली जाईल इतका घट्टही नको.

हूड गळ्यापर्यंतच्या झालरीचा घ्या आणि ती झालर सूटच्या कॉलरच्या आत नीट पसरवून घाला. मानेतून पाठीवर उतरणारी गार धार तिथेच थांबते. हातमोजे ५ मिलिमीटरचे. ते घालून किनाऱ्यावरच बीसीडीची (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटाची) बटणं चाचपा, वजनाचा बकल उघडा-लावा, मास्कचा पट्टा सरकवा. उघड्या बोटांना सवयीची असलेली प्रत्येक गोष्ट मोज्यातून वेगळी लागते.

आता वजन. थंडीची सगळ्यांना काळजी असते, पण पहिल्या दिवशी पाहुण्यांची दमछाक होते ती वजनापायी, असं मी सतत बघते. ७ मिलिमीटरचा सूट आणि हूड मिळून तुम्हाला जबरदस्त तरंगवतात. तुमच्या ४ किलोच्या जागी इथे ९ ते ११ किलो लागू शकतं. इथे सगळं पौंडांत बोलतात, म्हणजे २० ते २४ पौंड. तो आकडा ऐकून घाबरू नका आणि तो प्रमाण मानूही नका, पाण्यात मोजून बघा. गळ्याएवढ्या पाण्यात सगळं लावून उभ्या स्थितीत स्थिर राहा, बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीसारखा श्वास धरा. पाण्याची पातळी डोळ्यांशी आली पाहिजे, आणि श्वास सोडला की हळू बुडायला हवं. टाकी भरलेली असेल तर त्यावर आणखी दोन-अडीच किलो धरा, कारण नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीतली हवा स्वतःच अडीच किलोच्या वर भरते. ती संपत आली की टाकी तरंगायला लागते. शेवटच्या तीन मिनिटांच्या थांब्यावर, ५ मीटरवर, तुम्हाला खाली राहता आलं पाहिजे, वजन त्या क्षणासाठी मोजायचं.

खोलीवर याच्या उलट होतं. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. सूटमधले बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो, त्याची तरंगण्याची ताकद घटते आणि ऊबही घटते. कोमट पाण्यातल्या ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये हा फरक जाणवत नाही. इथे ८-९ मीटरच्या पुढे एकदम जड झाल्यासारखं वाटतं आणि तळाकडे वेग वाढतो. म्हणून उतरतानाच थोडी थोडी हवा बीसीडीत भरत जा, तळ दिसायची वाट बघू नका. वर येताना तेच उलट दिशेने होतं : सूट फुगतो, बीसीडीतली हवाही फुगते. हवा सोडायच्या बटणावरच हात ठेवायचा.

गेज वाचायचीही आधी तयारी करा. भाड्याच्या सामानावर खोली फुटांत आणि दाब पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच) असतो. ३३ फूट म्हणजे १० मीटर, ३००० पीएसआय म्हणजे साधारण २०० बार. तुमच्या प्रमाणपत्राच्या १८ मीटरच्या मर्यादेचे ६० फूट होतात. थंडीत आणि जास्त सामानात हवा भराभर संपते, तेव्हा कोमट पाण्यातला तुमचा अंदाज इथे लावू नका.

जागा म्हणाल तर पहिली डाइव्ह ब्रेकवॉटरलाच, म्हणजे सॅन कार्लोस बीचवर. दगडी बांधाच्या आडोशाला असल्याने लाटा कमी, तळ वाळूचा आणि उतार हळू. बांधाच्या कडेकडेने गेलं की ६-१० मीटरमध्ये केल्पही भेटतं. तिथेच वाळूवर जुना पाइप आहे, त्याच्या काठाने खोल गेलं की मेट्रिडियम नावाच्या पांढऱ्या समुद्रफुलांचं अख्खं शेत लागतं, एकेक फूल गुडघ्याएवढं उंच. पण पहिल्या डाइव्हला तिकडे जायची घाई करू नका. आधी उथळात २० मिनिटं फिरा, वजन जमलं, हूड जमला, श्वास शांत झाला, की दुपारी पुढे. स्थानिक इन्स्ट्रक्टर किंवा गाइडबरोबरच जा, हे तर न सांगताही तुम्ही करालच.

केल्पची भीती. हे मी थोडं लांबण लावून सांगते, कारण याच भीतीने कित्येक चांगले डायव्हर त्या जंगलाच्या काठावरून परत जातात. इथला राक्षसी केल्प, मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा, तळाच्या खडकाला मुळांसारख्या जुडग्याने धरून असतो. तिथून देठ सरळ वर येतात. प्रत्येक पानाच्या बुडाशी वायूने भरलेला छोटा फुगा असतो, आणि ते सगळे फुगे मिळून झाडाला उभं धरतात. परिस्थिती अनुकूल असली तर तो दिवसाला ६० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. पृष्ठभागाला पोचल्यावर तो वरच आडवा पसरतो आणि दाट छत तयार होतं. अडकायला होतं ते या छतात, पृष्ठभागावर, धडपडत पोहताना. खाली देठांच्या मधे भरपूर मोकळी वाट असते. माणूस मासोळीसारखा आरामात जातो, वरून उन्हाचे पट्टे तिरपे उतरलेले असतात, आणि पाण्याच्या झुल्याबरोबर सगळं जंगल एका बाजूला कलतं, परत येतं.

म्हणून नियम साधा. जाताना छताखालून, येतानाही छताखालून. त्यासाठी परतीची हवा राखायची, मी स्वतः केल्पमध्ये १००० पीएसआयला, म्हणजे ७० बारला, मोकळ्या पाण्याकडे वळते. वर यायचं तर आधी मान वर करून भगदाड शोधायचं आणि त्यातून यायचं. फिनच्या (पायातल्या वल्ह्यांच्या) पट्ट्यांची लोंबती टोकं आतल्या बाजूला वळवून चिकटपट्टी लावा, गेज आणि पर्यायी रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाने घ्यायचं जादा साधन) अंगाशी अडकवा, स्नॉर्केल काढून ठेवा. तरीही टाकीच्या झडपेत देठ अडकलाच तर गोल फिरू नका, फिरलं की तो अंगाभोवती गुंडाळतो. थांबा, थोडं मागे सरका, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं. नाहीच सुटला तर ओढू नका, ताणाला तो फार चिवट असतो. दोन्ही हातांनी धरून एकदम दुमडा, ओली काडी मोडावी तसा कट्कन तुटतो. बडी, म्हणजे जोडीदार डायव्हर, हाताच्या अंतरावर असेल तर तो पाच सेकंदांत मोकळं करतो. सुरी लागत नाही, आणि घाबरलेल्या हातात सुरी नसलेलीच बरी.

नाडीपरीक्षा

वरची माहिती उत्तम आहे. मी डॉक्टर आहे आणि हौशी डायव्हरही, म्हणून प्रकृतीच्या बाजूने थोडी भर घालतो.

१५ अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरलं की पहिल्या एक-दोन मिनिटांत धाप लागते, छातीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. ही शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे, तुमच्या धैर्याशी तिचा संबंध नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं राहा, चेहऱ्यावर पाणी मारा, सूटमध्ये थोडं पाणी शिरू द्या, श्वास संथ होईपर्यंत थांबा आणि मगच खाली जा.

ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी थंड पाण्यात जाण्यापूर्वी तपासणी करून घ्यावीच. पाण्यात बुडालेल्या शरीरात हातापायांचं रक्त छातीकडे सरकतं, थंडीने ते आणखी वाढतं. त्यावर घट्ट सूट आणि मेहनत यांची भर पडली की क्वचित फुप्फुसांत पाणी साचू शकतं. लक्षणं अशी : मेहनतीच्या मानाने जास्त दम लागणं, खोकला, छातीत घरघर, कधी फेसाळ गुलाबी थुंकी. 'दमले असेन' म्हणून पुढे जाऊ नका. डाइव्ह संपवायची, पाण्याबाहेर पडायचं, ऑक्सिजन घ्यायचा आणि रुग्णालय गाठायचं. तरुण, धडधाकट माणसांनाही हे झालेलं आहे.

रक्त छातीकडे सरकल्यामुळेच थंड पाण्यात लघवीला जास्त होते. म्हणून पाणी पिणं टाळू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असणं डीकॉम्प्रेशनच्या, म्हणजे वर येताना अंगातला नायट्रोजन बाहेर पडण्याच्या, दृष्टीने चांगलं नाही.

सागरगोटी

किती मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी, खूप आभार. रक्तदाबाचा त्रास नाही, तरी जाण्यापूर्वी तपासून घेते. ड्रायसूटचा विचार सोडला.

खारीहवाताई, आणखी थोडं विचारते. एकतर कान. मला कान मोकळे करायला मुळातच वेळ लागतो, हूडमुळे ते अवघड होतं का? दुसरं, थंडीत रेग्युलेटर गोठून हवा भसाभस सुटते असं वाचलं, ते कितपत खरं? आणि एका दिवसात दोन डाइव्ह माझ्यासारखीला जमतील का, की एकीवरच थांबावं? पॉइंट लोबोसबद्दल फार ऐकलंय, रविवारी तिकडे जावं का?

खारीहवा

कानांचा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. हूड कानावर घट्ट बसला की त्याच्या आणि पडद्याच्या मधे हवा कोंडते. तुम्ही आतून कान कितीही मोकळा केलात तरी बाहेरच्या बाजूला ती हवा चेपत जाते आणि कान दुखतो. उपाय अगदी सोपा : उतरण्यापूर्वी पृष्ठभागावरच एक बोट हूडच्या कडेतून आत घालून दोन्ही कानांत पाणी जाऊ द्या. दोन्हीकडे एकाच वेळी. एकाच कानात गार पाणी शिरलं तर क्षणभर गरगरतं, कारण आतल्या तोलाच्या नळ्यांतला द्रव एका बाजूने गार होतो. तसं झालंच तर खडक किंवा बडीचा हात धरून थांबा, पाणी कोमट झालं की ते जातं. मास्कची कड हूडच्या आत, थेट कातडीवर बसली पाहिजे. आणि नाक चिमटीत धरायचा सराव जाड मोज्यांनी घरीच करा. पहिल्या दोन-तीन मीटरमध्ये दर हातभर अंतराला कान मोकळे करत उतरा, ब्रेकवॉटरच्या हळू उतारावर त्यासाठी हवा तेवढा वेळ मिळतो.

रेग्युलेटरचं खरं आहे, पण तुमच्यासाठी तो मुख्य धोका नाही. टाकीतली दाबाखालची हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे टाकीला जोडलेल्या भागात, एकदम प्रसरण पावते आणि फार गार होते. सभोवतालचं पाणीच गोठणबिंदूच्या जवळ असेल तर तिथे बर्फ धरतो आणि झडप उघडी राहते. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालच्या पाण्याला थंड पाणी धरून रेग्युलेटरची वेगळी चाचणी असते. ऑक्टोबरचं इथलं पाणी त्याच्या वर असतं. तरी एक सवय ठेवा : श्वास घेता घेता बीसीडीत हवा भरू नका, आणि भरताना लांब दाबण्यापेक्षा थोडं थोडं दाबा. हवा सुटलीच तर ओठ सैल ठेवून सांडणाऱ्या हवेतून घोट घोट श्वास घेता येतो. बडीला खूण करा, त्याचा पर्यायी रेग्युलेटर घ्या आणि दोघं मिळून नेहमीच्या वेगाने वर या.

दोन डाइव्ह जमतील, पण मधला वेळ कसा घालवता त्यावर ते आहे. पाण्यातल्यापेक्षा जास्त ऊब जाते ती दोन डाइव्हच्या मधे, ओल्या सूटमध्ये वाऱ्यात गप्पा मारत उभं राहिल्याने. बाहेर आलात की सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग पुसा, कोरडी टोपी आणि वारा अडवणारं जाकीट घाला, गाडीच्या आडोशाला बसा. एका थर्मासमध्ये प्यायला गरम काहीतरी, दुसऱ्यात कोमट पाणी. ते दुसऱ्या डाइव्हपूर्वी सूटच्या गळ्यातून आणि मोज्यांत ओतायचं. तासाभरात बोटं सरळ झाली नाहीत किंवा अंगातला काटा गेला नाही तर दुसरी डाइव्ह नाही. तुमचा गाइड याबद्दल काही बोलणार नाही, उलट बरं वाटेल त्याला.

पाण्याखाली थंडी चढत असल्याची खूण कुडकुडण्याच्या आधी दिसते. माझ्या एका बडीला मी एकदा खुणेने हवा किती उरली विचारलं. त्याने गेजकडे न बघताच ओके केलं. परत विचारलं, परत ओके. हातातली क्लिप तो लावायला बघत होता आणि ती बाजूला घसरत होती. मी अंगठा वर केला, म्हणजे वर जायची खूण, आणि आम्ही निघालो. किनाऱ्यावर आल्यावर तो म्हणाला, मला थंडी वाजतच नव्हती. तेव्हा बडीकडे उरलेल्या हवेचा आकडा मागा, ओके चालवून घेऊ नका, आणि तुमचा आकडा त्याला बोटांनी दाखवा. दोघांपैकी कोणालाही थंडी वाजली की अंगठा वर, त्यावर चर्चा नाही.

पॉइंट लोबोस अप्रतिम आहे. १९६० साली तिथला पाण्याखालचा भागही राखीव झाला, अमेरिकेत असं सर्वांत आधी झालेल्या जागांपैकी ती एक. व्हेलर्स कोव्हच्या उतारावरून पाण्यात शिरतात, रोज मोजक्याच जोड्यांना सोडतात आणि आगाऊ नोंदणी लागते, तेव्हा रविवार हवा असेल तर आत्ताच बघा. प्रमाणपत्र बरोबर ठेवा. तिथलं काहीही उचलायचं नाही, शिंपलासुद्धा. शनिवार ब्रेकवॉटरला नीट गेला तरच रविवारी जा.

मोनास्टरी बीचवर मात्र कोणी कितीही गळ घातली तरी जाऊ नका. कार्मेलची समुद्री दरी तिथे किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, त्यामुळे बाहेरून आलेली लाट जोर कमी न होता थेट काठावर फुटते. वाळू जाड, उतार उभा, पाय टिकत नाही. तिथे जीव गेलेले आहेत, अनुभवी लोकांचेही.

उथळपाणी

खारीहवा, एका सुट्टीपुरता तुमचा मुद्दा मान्य. सागरगोटी, थंड पाण्याची गोडी लागली तर ड्रायसूटचा कोर्स जरूर करा, पण निवांतपणे. माझी एक भर : वर आल्या आल्या कडकडीत पाण्याने अंघोळ नको. अंग एकदम तापलं की ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडायला मदत होते. आधी कपडे बदला, हळूहळू ऊब घ्या.

खारीहवा यांना एक विचारायचं आहे. तिथलं केल्प बरंच नष्ट झालं असं वाचलं होतं. आता काही उरलंय का?

खारीहवा

उरलंय, पण पूर्वीसारखं सलग नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. २०१३ पासून इथल्या ताऱ्यामाशांना एक रोग झाला. हात गळून पडायचे, काही दिवसांत अख्खा प्राणी विरघळल्यासारखा व्हायचा. २०२५ साली संशोधकांनी त्यामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू असल्याचं दाखवलं. सगळ्यात मोठा घाव सूर्यफूल-ताऱ्यावर बसला, मीटरभर रुंदीचा, वीसेक हातांचा, केल्प फस्त करणाऱ्या जांभळ्या सी-अर्चिनना (काटेरी गोल समुद्री प्राण्यांना) खाणारा. तो कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ समुद्र असाधारण तापला, केल्प उपाशी पडला, आणि धरायला कोणी नसल्याने अर्चिन सुटले. उत्तर कॅलिफोर्नियात दुसऱ्या जातीच्या, बुल केल्पच्या जंगलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गेलं.

मॉन्टेरेत मात्र जंगलाचे तुकडे टिकले, त्यात समुद्री पाणमांजरांचा वाटा आहे. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो, नुसती दाट लव असते, त्यामुळे ऊब टिकवायला त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढं खावं लागतं. ओसाड खडकावरचे अर्चिन आतून पोकळ असतात, त्यांच्यात खाण्यासारखं काही नसतं, म्हणून पाणमांजर तिकडे फिरकत नाही. ती केल्पमधले भरलेले अर्चिन खाते. त्यामुळे ओसाड जागा परत हिरव्या होत नाहीत, पण आहेत ते तुकडे सुरक्षित राहतात. लवेच्या व्यापारापायी ही जात कॅलिफोर्नियातून संपली असंच लोक धरून चालले होते. १९३८ साली बिग सरच्या किनाऱ्यावर तिचा एक छोटा कळप उजेडात आला. आज इथे दिसणारी पाणमांजरं त्यांचेच वंशज आहेत.

सागरगोटी, तुम्हाला ती ब्रेकवॉटरला पृष्ठभागावर दिसतील, पाठीवर पडून, छातीवर दगड ठेवून शिंपला फोडताना. जवळ जाऊ नका, कायद्यानेही त्यांना त्रास देणं गुन्हा आहे. सील मात्र स्वतःहून येतात. फिनला मागून ओढ बसली तर आधी केल्प समजून घाबरू नका, वळून बघा, बहुतेकदा ठिपकेवाला सील दाताने फिन चाचपत असतो. हात पुढे करू नका, दोन मिनिटांत तो आपणच जातो.

शुक्रवारी वेळ असला तर मॉन्टेरेच्या मत्स्यालयात केल्पची साडेआठ मीटर उंच टाकी आहे ती बघून या. देठ पाण्याबरोबर कसे हलतात, मधली वाट किती रुंद असते, ते काचेतून निवांत बघितलंत की शनिवारी नवखं वाटणार नाही. आणि शनिवारी सकाळी निघण्यापूर्वी स्वेलचा, म्हणजे दूरवरून येणाऱ्या लाटांचा, अंदाज बघा. नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. उंची तीच असली तरी १५-१६ सेकंदांच्या अंतराच्या लाटा तळापर्यंत हलवतात. ब्रेकवॉटरलाही पाणी पुढेमागे जोरात ओढत असेल तर गाइडला फोन करून दिवस बदला.

सागरगोटी

रविवारची पॉइंट लोबोसची नोंदणी करून टाकली, दोन जागा मिळाल्या. शनिवारचा गाइडही ठरला. त्याने स्वतःहून वजन मोजायला अर्धा तास वेगळा ठेवलाय. सूटचं माप कळवताना कंबरेचं वेगळं लिहिलं आहे.